चहाच्या सुट्टीतले शिक्षण

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा हिशेब आस्थापना तासांत आणि प्रमाणपत्रांत मांडतात. काम प्रत्यक्षात जिथे शिकले जाते, ती शेजारची खुर्ची आणि चहाची सुट्टी मात्र त्यांच्या लेखी वाया गेलेला वेळ असतो. आमचा आक्षेप या हिशेबालाच आहे.

ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या (छायाप्रतीला आपण जिचे नावच देऊन टाकले आहे, तीच ही कंपनी) दुरुस्ती-तंत्रज्ञांमध्ये वावरून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. १९९६ साली तो पुस्तकरूपाने आला. दुरुस्तीची पायरीपायरीने मांडलेली पुस्तिका या तंत्रज्ञांच्या हाती होती. यंत्रे मात्र पुस्तिकेबरहुकूम बिघडत नसत. मग जेवताना, कॉफी पिताना ही मंडळी एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगत. पुढे तसेच लक्षण दिसले, की कोणाची तरी गोष्ट आठवे आणि वाट सापडे. नंतर कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या साठवणारी 'युरेका' ही प्रणाली उभारली, म्हणजे गप्पांचे मोल तिला उशिरा का होईना, पटले.

तरीही अशा शिक्षणाचे सरसकट गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेला तरुण बहुधा नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने आत शिरे आणि त्याच्याच शेजारी उभा राहून काम शिके. ना शाळा, ना पुस्तिका. परंतु विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेपायी दलित कामगारांना त्या खात्याची, म्हणजे अधिक मजुरीच्या कामाची, दारे बंद होती. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. शेजारी उभे राहूनच जे शिकता येते, ते शेजारी उभे राहू न देता सहज नाकारता येते. त्यासाठी लेखी नियमाचीही गरज पडत नाही.

आजच्या कचेरीत धोटा नाही. पण संध्याकाळी टपरीवर कोण थांबते, आणि मुलाला पाळणाघरातून आणायला कोणाला धावावे लागते? २०२० नंतर घरून काम सुरू केलेल्या नवख्यांना तर ही टपरीही दुरावली. तेव्हा नवख्याला अनुभवी माणसाशेजारी बसवण्याचा वेळ कामाच्याच तासांत धरावा, आणि ती जागा ओळखीवर न सोडता पाळीपाळीने सर्वांना द्यावी, एवढे आमचे मागणे आहे. काय शिकायचे, ते त्या दोघांवर सोडावे.