मांडव आमचा, तार परक्याची

सुरतेच्या पूर्वेस गोडादरा नावाची जी दाट वस्ती पसरली आहे, तिच्यात खानदेश किती उतरला आहे हे जाणण्यासाठी शिरगणतीचे कागद उलटावे लागत नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तेथे जावे. घरोघरी कानबाई बसलेली असते, रोटांसाठी गहू दळलेले असतात, गल्ल्यांवर मांडव पडलेले असतात. आणि सव्वाशे वर्षांपूर्वी टाकलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने अमळनेर, धरणगाव, नंदुरबार, दोंडाईचा येथून भाऊबंद येऊन उतरलेले असतात. रात्रभर जागरण होते. सोमवारी मिरवणुका तापीकडे निघतात. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या साऱ्या वस्त्यांत तेच. यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात वर्षभर राबणारा हा समाज त्या दोन दिवसांपुरते परक्या मुलखात आपले गाव वसवितो आणि विसर्जनानंतर ते मोडतो.

हे तात्पुरते गाव वसविण्याचे कसब आमच्या लोकांपाशी मोठे आहे. वर्गणी गोळा होते. मांडववाला कोण, दिवाबत्ती कोणाकडे, पाण्याचा टँकर किती वाजता, प्रसादाचा शिधा कोणी आणावयाचा, या प्रत्येक बाबीस एक जबाबदार माणूस नेमलेला असतो आणि त्याचा हिशेब सभेपुढे येतो. इंटरनेटच्या जाळ्याचा विषय मात्र सभेत सहसा निघतच नाही. ते आकाशातून येते, पावसासारखे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. आणि पावसासारखेच ते नेमके हवे तेव्हा येत नाही.

ते का येत नाही, यात गूढ असे काही नाही. भ्रमणध्वनीचा मनोरा ज्या टापूसाठी उभारलेला असतो, त्या टापूतल्या नित्याच्या वर्दळीचा अंदाज घेऊन त्याची धारणशक्ती ठरविलेली असते. तीच शक्ती साऱ्यांनी वाटून घ्यावयाची असते. एरवी पाच गल्ल्यांत विखुरलेली आणि निम्मी कामावर असलेली माणसे, त्यांत बाहेरगावची आणखी तितकीच, एका चौकात एका वेळी उभी राहिली आणि प्रत्येकाने मिरवणुकीचे चलच्चित्र गावाकडे धाडावयास घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा शून्याजवळ जातो. मग भ्रमणध्वनीवर रेघा पूर्ण दिसतात, आणि काम मात्र काही होत नाही.

यात हानी कोणाची होते? चलच्चित्र उशिरा गेले म्हणून कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते नारळ-फुले विकणाऱ्या बाईचे. तिच्या हातगाडीवर काळ्या ठिपक्यांची चौकोनी पाटी टांगलेली आहे. गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, तिचा भ्रमणध्वनी म्हणतो आले नाहीत, आणि मागे दहा माणसे खोळंबली आहेत. ती भांडेल तर धंदा जातो, सोडून देईल तर नारळ जातो. बिघडते ते गर्दीत हात सुटलेल्या पोराचे, ज्याला बापाचा क्रमांक पाठ आहे पण तो लागत नाही. भोवळ आलेल्या म्हातारीसाठी रुग्णवाहिका कोणत्या तोंडाने आत आणावी हे विचारणाऱ्या कार्यकर्त्याचेही बिघडते. ज्यांच्या घरी तारेचे जोडणीपत्र आहे ते घरी जाऊन बोलतील. ज्यांचे सारे जाळे म्हणजे खिशातला एक आगाऊ पैसे भरलेला क्रमांक, त्यांचे काय?

यावर एक उत्तर ठरलेले असते: कंपन्या बघून घेतील. कंपन्या कोठे बघतात ते आम्हांस ठाऊक आहे. 2025 च्या प्रयागराजच्या महाकुंभात मेळ्याच्या क्षेत्रात 192 किलोमीटर प्रकाशतंतू टाकला गेला, 78 फिरते मनोरे आणि 150 छोटी केंद्रे बसविण्यात आली. उत्तम झाले. 2026-27 च्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातही तसेच काही होईल, यात आम्हांस संशय नाही. पण कुंभावर साऱ्या देशाची दृष्टी असते आणि त्यामागे राज्यशासनाची तिजोरी असते. गोडादऱ्याच्या कानबाईसाठी फिरता मनोरा कोण पाठविणार? ती पंचांगात ठळक छापली जात नाही, तिला मंत्री येतात ते पाच मिनिटांपुरते, आणि तिचे भक्त महिन्याकाठी सर्वांत स्वस्त योजना घेणारे. कंपनीच्या दृष्टीने हा व्यवहार नव्हे. तिला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो तिच्या तोंडाकडे बघत बसण्यात.

दुसरे उत्तर अधिक गोड असते. एखादा आश्रयदाता पुढे येतो, मांडवाच्या कमानीवर आपले नाव रंगवून घेतो आणि ‘मोफत वायफाय’ जाहीर करतो. मोफत या शब्दाचा आमच्या मंडळांनी एकदा तरी कोशात अर्थ पाहावा. जोडणीच्या पहिल्या पानावर नाव मागितले जाते, क्रमांक मागितला जातो, एका चौकटीत खूण करावयास सांगितले जाते, आणि जागरणाला आलेल्या मायबहिणींचे क्रमांक एका वहीत जमा होतात. ती वही पुढे कोठे जाते हे मंडळास विचारावेसेही वाटत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 साली झाला. पण ज्या मंडळाने आपल्या मांडवात ही देवघेव होऊ दिली, त्यास कायद्याआधी आपल्या माणसांची चाड असावयास हवी. दानपेटीतला रुपया कोणी परस्पर नेला तर आम्ही त्याला चोर म्हणतो. क्रमांक नेला तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो.

आमचे म्हणणे असे की मांडव जसा मंडळाचा, तसे त्या मांडवाखालचे जाळेही मंडळाचे असावे. ते मंडळाने उभारावे, मंडळाच्या पोरांनी सांभाळावे, आणि विसर्जनानंतर गुंडाळून ठेवावे. हे अशक्य आहे असे ज्यांस वाटते त्यांनी थोडे बाहेर पाहावे. हॉलंडमध्ये पाणी हटवून मिळविलेल्या फ्लेवोलँडच्या भूमीवर 1993 साली संगणकवेड्या मंडळींनी तंबू ठोकून मेळावा भरविला आणि त्या उघड्या रानात आपले जाळे स्वतः विणले. 1999 पासून जर्मनीत बर्लिनच्या परिसरात दर चार वर्षांनी असाच मेळा भरतो. इंग्लंडात 2012 पासून. हजारो माणसे तंबूत राहतात आणि कोणा कंपनीची मेहरबानी न घेता स्वयंसेवक शेतातून तारा ओढतात. त्यांची एक युक्ती तर अशी की वाचून हसू यावे. पावसापासून यंत्रे वाचवावयाची, ती कुलुपात ठेवावयाची आणि मैदानात ठिकठिकाणी हवीत. तेव्हा या लोकांनी भाड्याने मिळणारी फिरती शौचकूपे आणली, त्यांत भांड्याऐवजी जोडणीची यंत्रे बसविली आणि प्रत्येकाने आपल्या तंबूपासून तेथवर स्वतःची तार आणावी असा नियम केला. त्या खोक्यांस त्यांनी नाव दिले ‘डाटेनक्लो’, म्हणजे माहितीचे शौचकूप. ज्या जातीच्या माणसांना आपण यंत्रयुगाचे मुकुटमणी समजतो, त्यांनी प्रतिष्ठेचा विचार न करता जे सोयीचे ते केले.

आणि बाहेर तरी कशाला पाहावयाचे? तात्पुरत्या नगराची शिस्त जगाला शिकवावी ती आषाढी वारीने. ज्ञानेश्वर माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या क्रमाने चालतात. प्रत्येकीचे स्थान ठरलेले, प्रत्येकीचे तंबू, स्वयंपाक, पाणी तिचे तिने पाहावयाचे. मुख्य वाट एक, आणि तिला जोडलेले स्वयंपूर्ण घटक अनेक: जाळे म्हणजे याहून निराळे काय असते? नाशिकच्या 2015 च्या कुंभात रमेश रासकर यांच्या प्रेरणेने चाललेल्या कुंभथॉन उपक्रमातून एका शाळकरी मुलाने वाटेवर अंथरलेल्या चटईवर पावले मोजून गर्दी ओळखणारे साधन केले. मध्यप्रदेशात विणकरांच्या चंदेरी गावी 2010 पासून बिनतारी जाळे गावकऱ्यांतल्याच तरुणांना शिकवून उभे केले गेले. पालघरच्या पाड्यांत मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राम मार्ग’ या नावाने तेच केले. चंदेरीच्या विणकराला जे साधले ते सुरतेच्या विणकराला साधू नये, असे कोणी म्हणेल तर तो सुरत ओळखत नाही. जो माणूस हजारो उभ्या धाग्यांतला तुटलेला एक धागा नजरेने हुडकतो, त्याला आठ तारांची गाठ कठीण नाही.

कामही भयंकर नाही. तांब्याची जाळ्याची तार 100 मीटरपर्यंत नीट चालते. त्यापुढे प्रकाशतंतू हवा. एका उंच खांबावर एकच दणदणीत यंत्र लावण्याचा मोह टाळावा, कारण माणसाचे शरीर म्हणजे बव्हंशी पाणी आणि पाणी या लहरी शोषून घेते. गर्दीच्या डोक्यांवर, थोड्या थोड्या अंतरावर, मंद शक्तीची अनेक यंत्रे लावावीत. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच आहेत आणि त्या शेजारपाजारच्या घरांनी आधीच भरलेल्या असतात. म्हणून 5 गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. भारतात पहिला पट्टा 2005 पासून आणि दुसरा 2018 पासून परवान्याविना खुला आहे. श्रावण म्हणजे चिखल, तेव्हा तारा जमिनीवर नकोत, बांबूवरून न्याव्यात. जोडावरून पाणी गळून खाली पडेल असा झोळ ठेवावा. दिवाबत्तीचा जनित्र मध्येच बंद पडतो हे सर्वांस ठाऊक आहे, म्हणून यंत्रांना निराळी बॅटरी. कॅमेरे बसविणारी, केबल ओढणारी, भ्रमणध्वनी दुरुस्त करणारी पोरे गल्लोगल्ली आहेत. त्यांना आजवर मंडळाने फक्त ढोल वाजविण्यास बोलाविले.

बाहेरचा दुवा मिळविण्याची कायदेशीर वाटही आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवाल्यासही परवाना, नोंदणी वा शुल्क यांवाचून, एखाद्या नोंदणीकृत संयोजकाच्या मार्फत, सार्वजनिक वायफाय देता येते. 2018 च्या धोरणाने 2022 पर्यंत देशात 1 कोटी अशी ठिकाणे होतील असे लिहिले होते. या योजनेखाली तोवर त्याचा दशांशही उभा राहिला नाही. एक कारण म्हणजे घाऊक दुव्याचे अवाच्या सवा दर. जून 2025 मध्ये ट्रायने 200 एम.बी.पर्यंतच्या घरगुती योजनांच्या दुपटीहून अधिक दर अशा केंद्रांना लावू नये असा आदेश काढला. दार उघडले आहे. आत कोणी शिरत नाही.

आता त्या सद्गृहस्थांविषयी, जे म्हणतात की उत्सवात इंटरनेट हवेच कशाला. दोन दिवस तरी माणसांनी देवीकडे पाहावे, चौकटीकडे नको. या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु हे बहुधा तेच गृहस्थ असतात ज्यांना मांडवापुढच्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांत देवीचा विसर पडलेला दिसत नाही, आणि रात्री 10 नंतरचा 2000 सालचा ध्वनिनियम ज्यांना आठवत नाही. खेरीज, नारळवालीचे पैसे अडकले असता तिला भक्तीचा उपदेश करणे हे तिच्या खर्चाने पुण्य मिळविणे होय.

शिवाय आम्ही मागतो ते जाळे मुख्यतः बाहेरच्या जगासाठी नाहीच. ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. मांडवातच एक लहानसा संगणक ठेवला, तर बाहेरचा दुवा तुटला असताही आतले जाळे चालू राहते. त्यावर एक पान असावे: हरवलेली मुले कोठे बसविली आहेत, वैद्य कोठे आहे, मिरवणूक कोणत्या चौकात पोचली, पाणी कोठे मिळेल. ते पान अहिराणीत असावे, मराठीत असावे, गुजरातीत असावे. नाव विचारू नये. मे 2025 मध्ये गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. एखाद्या पानाने ते टळले असते असा खोटा दावा आम्ही करणार नाही. पण पुढची वाट तुंबली आहे हे मागच्यांना कळण्याचे काही साधन असावे की नसावे? आमच्या कोकणी वाचकांनी आपापल्या जत्रा-फेस्तांच्या समित्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. जुन्या गोव्यात 2024-25 साली 45 दिवस शवप्रदर्शन चालले, सिंधुदुर्ग-बेळगावकडून माणसे पायी आली. तेथे शासन होते. गावच्या जत्रेत समितीच असते.

सुरतकरांना परावलंबनाची चव निराळी सांगावयास नको. ऑगस्ट 2015 मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत भ्रमणध्वनीवरचे इंटरनेट बंद झाले, आणि उच्च न्यायालयाने पुढे तो आदेश ग्राह्य धरला. आदेश आला तर तो मंडळासही पाळावाच लागेल. पण त्या दिवसांत एक गोष्ट उघडी पडली: ज्यांच्यापाशी एकच नळ होता त्यांचे घर आधी कोरडे झाले.

खर्चाचा प्रश्न येईल, आणि तो यावाच. तारा, यंत्रे, पेट्या एकदा घेतल्या की त्या वर्षानुवर्षे टिकतात. गणेशोत्सवात, नवरात्रात, शेजारच्या मंडळास भाड्याने, अशा त्या फिरतील. एका मंडळास जड जात असेल तर पाच मंडळांनी मिळून घ्याव्यात. भांडी अशीच घेतली होती; पंगतीची ती पातेली आजही पाच गल्ल्यांची सामाईक आहेत आणि त्यांवरून अजून कोणी डोकी फोडलेली नाहीत. आषाढात मंडळांच्या सभा भरतात. हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, आणि ध्वनिवर्धकाच्या विषयाआधी घ्यावा, कारण त्यानंतर शिल्लक काही उरत नाही.