प्लॅटिनमची उतरंड

काही महिन्यांपूर्वी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. काचेची भिंत, काचेखाली पसरलेलं गिरणगाव, हातात कॉफीचा कप आणि खाली ओळ: "फायनली प्लॅटिनम! लाउंज अ‍ॅक्सेस मिळाला. जयभीम!" फोटो टाकणारा आमचाच कार्यकर्ता. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेला, जिन्याखालच्या दिव्यात अभ्यास केलेला, आज एका सल्लागार कंपनीत चांगल्या पगारावर असलेला. ग्रुपवर निळ्या हृदयांचा पाऊस पडला. त्यात आमचंही एक होतं. खोटं कशाला बोला, आनंद झालाच.

पुढच्याच महिन्यात त्याने आम्हाला त्या लाउंजमध्ये बोलावलं. वस्तीत अभ्यासिका काढायची होती, जागेचं आणि पैशाचं बोलायचं होतं. आमच्यासोबत एक काका होते. उमेदीची वर्षं गिरणीत बदली कामगार म्हणून काढलेले, बुद्धविहाराच्या कामात आजही सगळ्यांच्या आधी हजर असणारे. लिफ्टपाशी पोचलो तेव्हा आमचा मित्र ओशाळून म्हणाला, "दादा, कार्डावर एकच गेस्ट चालतो." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. काकांनीच तोडगा काढला. "तुम्ही पोरं जा. मी बसतो खाली." लिफ्टमध्ये कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला आणि आम्ही वर गेलो. ज्यांच्यासाठी अभ्यासिका काढायची तेही खाली, आणि ज्यांनी वस्तीत पहिली अभ्यासिका चालवली होती तेही खाली.

वर काय होतं? सोफे, वर्तमानपत्रं, चहा-कॉफी, केक, संध्याकाळी मद्य आणि गरम पदार्थ, गुपचूप कप उचलणारे वेटर आणि शांतता. दुपारचे चार वाजले होते. एवढ्या मोठ्या दालनात आम्ही धरून पाच माणसं होती. आमच्या वस्तीत त्याच वेळी दहावीची मुलं अभ्यासाला कोपरा शोधत असतात.

या लेखाचा राग त्या मित्रावर नाही, त्या वेटरवर तर नाहीच. ही लाउंजची व्यवस्था नेमकी काय आहे आणि तिच्याकडे आंबेडकरी माणसाने कसं बघायचं, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आधी तिचं गणित समजून घेऊ. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार उडणाऱ्या प्रवाशांना बक्षिसाचे मैल द्यायला सुरुवात केली. १९८३ साली मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. मधल्या काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, इकडे मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले होते. तिकडे ग्राहकाच्या निष्ठेला बक्षीस ठरत होतं, इकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामगारांच्या निष्ठेची किंमत शून्य ठरवली जात होती. आज ही दोन टोकं लोअर परळमध्ये एकाच पत्त्यावर भेटतात. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि सेंट रेजिस हे पंचतारांकित हॉटेल आहे. ते ज्या साखळीत मोडतं त्या मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत वर्षाला १० रात्री काढल्या की सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. आणि १०० रात्रींसोबत ठरावीक डॉलरचा खर्च केला की अँबेसेडर. साखळीतल्या अनेक हॉटेलांत लाउंजचं दार प्लॅटिनमपासून उघडतं. इतर साखळ्यांची नावं वेगळी, पायऱ्या त्याच.

आता या ५० रात्रींचे पैसे कोण भरतं? एका रात्रीचे १२ हजार धरले तरी सहा लाख होतात. आमच्या मित्राने ते खिशातून भरलेले नाहीत. त्याच्या कंपनीने भरले. कंपनी तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करते. साडेसात हजारांवरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमात बसेल तिथे कंपनी तोही इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेते. म्हणजे सवलतीतला काही भार सरकारी तिजोरीवर, खर्च कंपनीचा आणि पॉइंट मात्र माणसाच्या वैयक्तिक खात्यात. हॉटेलाने हे जाणूनबुजून असं रचलं आहे. पैसे एकाचे आणि हॉटेल निवडणारा दुसरा, तेव्हा निवडणाऱ्याला खूश ठेवायचं, एवढी सोपी ही युक्ती आहे. फुकट दिसणारा प्रत्येक कप कुणाच्या तरी बिलात आधीच धरलेला असतो.

आणि ती खोली जी बाई रोज लावते तिचं काय? हाउसकीपिंगमध्ये एका पाळीत बारा-पंधरा खोल्या काढणं हे नेहमीचं काम. पाहुण्याच्या ५० रात्री तिच्या हातून आठवडाभरात निघतात. पाहुणा वर्षभरात ५० रात्री राहिला तर नावाने हाक मारून त्याचं स्वागत होतं. ती पाच वर्षं राबली तरी कित्येकदा कंत्राटदाराच्याच हजेरीपटावर असते. कंत्राटदार बदलला की तिची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. निष्ठेच्या या बाजारात निष्ठा मोजली जाते ती फक्त पैसे खर्च करणाऱ्याची.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, "ही सगळी वर्गाची गोष्ट झाली. जातीचा काय संबंध? तिथे जात कोण विचारतो? पैसे भरा, आत जा." आक्षेप महत्त्वाचा आहे, टाळून चालणार नाही. लाउंज म्हणजे जात नव्हे. प्लॅटिनम पुढच्या वर्षी जातं, जात जात नाही. या दोन गोष्टींची भेसळ करणं म्हणजे आपल्या बापजाद्यांनी भोगलेल्या अस्पृश्यतेचा अपमान आहे. पण बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं जे सर्वांत धारदार वर्णन केलं ते केवळ असमानता असं नव्हतं. त्यांचा शब्द होता श्रेणीबद्ध असमानता. अशा रचनेत प्रत्येकाच्या वर कुणीतरी असतं आणि तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या खालीही कुणीतरी असतं. खालच्याकडे बघून माणूस समाधानी होतो आणि वरच्याविरुद्ध सगळे मिळून कधी उठत नाहीत. उतरंडीतलं प्रत्येक मडकं खालच्या मडक्यावर टेकून उभं असतं, म्हणून उतरंड टिकते. सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम-टायटेनियम ही त्याच तत्त्वाची व्यापारी आवृत्ती आहे. गोल्डवाल्याला लाउंज मिळत नाही याचं दुःख असतं, पण आपण सिल्व्हर नाही याचा आनंद त्याहून मोठा असतो. आणि आपल्या समाजाला या उतरंडीची हजारो वर्षांची सवय असल्याने ती इथे जरा जास्तच गोड लागते. ज्यांनी ती फोडायची त्यांनीच तिच्यातली एक जागा पटकावून जयभीम म्हणावं, हे आम्हाला टोचलं.

आमच्या मित्राने यावर आमच्याशी वाद घातला, आणि त्याचा वाद बिनबुडाचा नव्हता. तो म्हणाला, "माझ्या आज्याला गावात हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळायचा. मी इथे सोफ्यावर बसतो, हीच क्रांती आहे. आपण सूट घातला की लगेच आपल्याच लोकांच्या पोटात दुखतं. बाबासाहेब सूट घालत नव्हते का?"

घालत होते, आणि ठणकावून घालत होते. गरिबीची पूजा आंबेडकरवादात नाही. चांगलं खा, चांगलं नेसा, चांगल्या हॉटेलात उतरा. पण त्याच बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात काय अनुभव आला ते आठवा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला माणूस. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत उतरला. भाडं भरत होता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याला बाहेर काढलं. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेब बागेत बसून होते. पदवी होती, पैसे होते, पद होतं, तरी छप्पर नव्हतं. त्यातून त्यांनी आपल्यापुरती सोय लावून घेतली नाही. पैसेवाल्या अस्पृश्यांसाठी वेगळं, चांगलं हॉटेल काढा असंही म्हटलं नाही. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा असं त्यात होतं. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. त्या दिवशी ओंजळ सगळ्यांनी भरली. एका कार्डावर एकच गेस्ट, असा नियम तिथे नव्हता.

गिरणगावातला इतिहासही तेच सांगतो. कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि उष्टा धागा सवर्णांना विटाळतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांची मागणी हुशार अस्पृश्यांपैकी दोघा-चौघांना विणकाम खात्यात घ्या अशी नव्हती. खातं सर्वांना खुलं करा, ही होती. प्रवेश आणि सवलत यांतला फरक इथे आहे. प्रवेश मिळाला की दार सगळ्यांसाठी उघडतं. सवलत मिळाली की एक जण आत जातो आणि दार त्याच्यामागे पुन्हा बंद होतं.

पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून मज्जाव करता येणार नाही असं लिहिलं गेलं. बडोद्यातल्या त्या रात्रीला दिलेलं ते उत्तर आहे असं आम्ही मानतो. त्या यादीत पैसा नाही. हे अर्धं राहिलेलं काम आहे याची जाणीव बाबासाहेबांना होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोधाभास फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. त्याआधी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी जोडीने सांगितले होते. आपण पहिला शत्रू पाठ केला आणि दुसऱ्याकडून वेलकम ड्रिंक घेतलं.

पाहुणचाराची आणखी एक परंपरा याच भागात आहे. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? धर्मशाळेत येण्याची पात्रता एकच: तुला गरज आहे. लाउंजची पात्रता बरोबर उलटी: ज्याला गरज नाही त्यालाच फुकट. आज परळला केईएम आणि टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर विदर्भातून, मराठवाड्यातून, पार बिहारमधून आलेली माणसं औषधांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपतात. ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात आणि शिवाजी पार्कच्या धुळीत रात्र काढतात. या शहरात जागा नाही असं नाही. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावच्या आकाशात जे सोफे लटकलेले आहेत ते त्या हुकलेल्या हिश्श्यावर लटकलेले आहेत.

मग करायचं काय? कार्ड फाडा असं आम्ही म्हणत नाही. नोकरीनिमित्त राहावं लागतं, राहा. पण तीन गोष्टी करा. जिथे उतरता तिथे खोली लावणाऱ्यांशी, भांडी घासणाऱ्यांशी बोला. कंत्राट आहे की कायम, युनियन आहे की नाही, विचारा. कंपनीच्या पैशातून मिळालेले पॉइंट ही खाजगी कमाई मानू नका. अनेक योजनांत ते दान करता येतात, दुसऱ्यासाठी खोलीही घेता येते. गावाहून मुलाखतीला आलेल्या पोरीला एक रात्र छप्पर मिळालं तरी ते फोटोपेक्षा मोलाचं. पण एवढ्यावर थांबलात तर ते पुण्यकर्म होईल, चळवळ होणार नाही. म्हणून तिसरी आणि मुख्य गोष्ट: महापालिकेकडे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, प्रत्येक प्रभागात रात्रभर उघडी अभ्यासिका आणि ६ डिसेंबरसाठी पक्की सोय, या मागण्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर चला. कॉन्फरन्स रूममध्ये बोलायला शिकलेली जीभ तिथे कामाला लावा.

त्या दिवशी आम्ही तासाभराने खाली आलो. काका लॉबीत नव्हते. बाहेर गेटसमोरच्या टपरीवर दोन सिक्युरिटी गार्डांसोबत चहा पीत बसले होते. आम्हाला बघून टपरीवाल्याला म्हणाले, "अजून दोन कटिंग." मग मित्राकडे वळून विचारलं, "काय रे, वर जागा किती आहे? पोरं बसतील का अभ्यासाला?"

मित्राला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या अभ्यासिकेच्या अर्जावर पहिली सही त्याचीच आहे. दुसरी तुमची असू द्या.

जयभीम!