शब्दयोगी अव्ययांची किंमत

वाङ्मयाच्या वर्गात इंग्रजी प्रेपोझिशनांचा विषय निघाला की तो शाळेकडे किंवा स्पोकन इंग्लिशच्या क्लासकडे ढकलून मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. व्यापारी पत्रातील 'इन', 'ऑन', 'बाय' यांची निवड ही कारकुनी बाब. साहित्याच्या प्राध्यापकाने तीत का पडावे, असा त्यामागचा भाव असतो. आम्हांस तो मान्य नाही. का नाही, हे जालन्यासारख्या जिल्ह्यात विशेष स्पष्ट दिसते.

जालना हे व्यापाराचे गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली; सळ्यांचे कारखाने आणि मोसंबीचा बाजार हीही गावाची ओळख आहे. अशा धंद्यात परप्रांताशी व्यवहार वाढला की इंग्रजी पत्रव्यवहार आलाच. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. पुढे मराठी आली. या दोन्ही भाषांत संबंधदर्शक शब्द नामानंतर येतो, इंग्रजीत नामाआधी. परंतु खरी अडचण जागेची नाही, अर्थाच्या वाटणीची आहे.

आपला 'पर्यंत' घ्या. '15 तारखेपर्यंत माल पोचेल' आणि '15 तारखेपर्यंत हा दर राहील' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच शब्दावर निभावतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो, दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अन्टिल'. पहिल्यात मुदतीच्या आत एकदा घडणारी क्रिया आहे, दुसऱ्यात मुदत संपेतो टिकणारी स्थिती. हा भेद मराठीत नाही असे नव्हे; तो 'पोचेल' आणि 'राहील' या क्रियापदांत आहे. इंग्रजीने तो अव्ययातही मांडला, इतकेच.

उलट, कधी मराठीच अधिक नेमकी वाट दाखवते. शंभर रुपयांचा दर '20 रुपयांनी उतरला' तर 80 उरतात. '20 रुपयांवर उतरला' तर 20च. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'बाय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टू' येतो. 'वर म्हणजे ऑन' असे घोकलेला विद्यार्थी येथे फसतो. तसेच 'बियाण्यांचा व्यापार करणे' म्हणजे 'डील इन', पण 'व्यापाऱ्यांशी व्यवहार करणे' म्हणजे 'डील विथ'. 'चा' आणि 'शी' यांतला फरक ज्याला जाणवतो, त्याला हा इंग्रजी फरक परका वाटण्याचे कारण नाही.

आपल्या व्याकरणपरंपरेत विभक्ती आणि कारक यांत भेद केलेला आहे. विभक्ती हे रूप, तर कारक हा क्रियेशी असलेला संबंध. शिकवताना प्रत्ययाला प्रत्यय जोडून देण्याऐवजी हा संबंध विचारला पाहिजे. मराठीचे व्याकरण नीट शिकलेला विद्यार्थी येथे दोन पावले पुढेच असतो. आम्ही मात्र मराठी आणि इंग्रजी या विभागांमध्ये भिंत उभी करून त्याचा हा लाभ हिरावून घेतो.

भारतीय इंग्रजीला स्वतःचे वळण आहे, मग 'डिस्कस अबाउट' म्हणणाऱ्याला का टोकावे, असे कोणी विचारील. आक्षेपात तथ्य आहे. त्या 'अबाउट'ने कोणाचे काही बिघडत नाही. त्यावर लाल शाई सांडणे म्हणजे ग्रामीण विद्यार्थ्याला उगाच खजील करणे होय. पण 'बाय'च्या जागी 'टू' आला की रक्कम बदलते, आणि 'टिल' आला की मुदतीचा अर्थ बदलतो. तेथे वळणाची सबब चालत नाही. शिकवण्याचा क्रम या नुकसानीवरून ठरावा, पुस्तकातल्या यादीवरून नव्हे.

इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतलेल्या मुलाला घरचे लोक करारनामा वाचायला देतात, तेव्हा त्याने काय करावे? कवितेत एका अव्ययाने ओळीचा अर्थ कसा फिरतो, हे आपण तासभर समजावतो. तीच नजर दरपत्रकाकडे वळवली तर साहित्याचा अवमान होत नाही. सत्रातले दोन तास त्यासाठी द्यावेत, आणि त्या तासांना मराठीच्या शिक्षकालाही बोलवावे, एवढीच आमची सूचना आहे.