विचारलं तरच कळतं

सिझेरियन बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करून होतं. तातडीची वेळ आली, तर कधी पूर्ण भूल द्यावी लागते. अशा भुलीत काही जणींना मध्येच जाग येते. स्नायू सैल पाडणारं औषध दिलेलं असल्यामुळे बोटही हलवता येत नाही, ओरडता येत नाही. नंतर सांगितलं, तर ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून बोळवण होते.

हे किती जणींच्या वाट्याला येतं? ब्रिटन-आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१४ च्या अहवालाने रुग्णांनी सांगितल्यावर नोंदलेल्या तक्रारी मोजल्या. पूर्ण भुलीतल्या सिझेरियनमध्ये प्रमाण निघालं सुमारे ६७० मध्ये एक. इंग्लंडमधल्या २०२१ च्या अभ्यासाने वेगळं केलं. बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल घेतलेल्या तीन हजारांवर बायकांना महिन्याभरात तीनदा विचारलं: झोप लागण्याआधीचं काय आठवतं? मधलं काही आठवतं? सिझेरियनमधलं प्रमाण आलं २१२ मध्ये एक.

म्हणजे न विचारल्यामुळे बाईचं दुखणं आकड्यातूनही गळतं. मग ‘तक्रारच नाही’ हाच पुरावा ठरतो.

आपल्याकडेही पूर्ण भूल दिलेल्या प्रत्येकीला घरी सोडण्यापूर्वी आणि नंतरच्या तपासणीत हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. उत्तर केसपेपरवर लिहिलं जावं, भूलतज्ज्ञाने स्वतः येऊन तिच्याशी बोलावं. याला महागडं यंत्र लागत नाही. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायची तयारी लागते. आरोग्याचं काम करणाऱ्या गटांनी ही मागणी आपापल्या दवाखान्यांपुढे ठेवायला हवी.