म्हारा, साडा की हमारा?

माझी मुलगी मोहालीला असते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. सोहाण्याच्या पलीकडच्या एका गावात तिने वरचा मजला भाड्याने घेतला आहे. खाली घरमालकांचे कुटुंब, अंगणात दोन म्हशी, भिंतीपलीकडे मोहरीचे शेत आणि शेत संपते तिथे उंचच उंच इमारती!

तिकडची थंडी आपल्याला काय झेपणार? सकाळचे काम आटोपले की मी खाली उन्हात जाऊन बसे. घरमालकांच्या आई, सगळे त्यांना बेबे म्हणतात, तिथेच खाटेवर बसून साग निवडत असत. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारताना एक गंमत माझ्या लक्षात आली. बेबे 'म्हारा', 'थारा' म्हणत. सून अमृतसरकडची. ती म्हणे 'साडा', 'तुहाडा'. आणि हीच सून आपल्या आठ वर्षांच्या मुलाशी बोलू लागली की एकदम 'हमारा' आणि 'आपका'! एका अंगणात 'आमचा' या एका शब्दाची तीन रूपे.

बेबे हरियाणाच्या असाव्यात असे मला वाटले. तसे विचारताच नातू हसला. म्हणाला, "दादी गलत बोलती है." बेबे काही बोलल्या नाहीत. साग निवडत राहिल्या.

नंतर घरमालकांनी सांगितले, की ही पुआधी. सतलज आणि घग्गर या नद्यांच्या मधल्या मुलखाला पुआध म्हणतात. पंजाबचा पूर्वेकडचा भाग, म्हणून पूर्व-अर्ध आणि त्याचे पुआध, अशी या नावाची फोड करतात. ग्रियर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणात पंजाबीची एक बोली म्हणून हिची नोंद केली आहे. सोहाण्याचे भगत आसाराम बैदवान तर या बोलीचे कवी. म्हणजे जी भाषा 'चुकीची' म्हणून नातू हसला, तिच्यात शेजारच्याच गावातल्या माणसाने काव्य रचले होते!

या मुलखाचे नशीबही विचित्र. १९५२ साली चंदीगडची पायाभरणी झाली ती इथल्याच गावांच्या जमिनीवर. १ नोव्हेंबर १९६६ रोजी भाषेच्या आधारावर पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले, तेव्हा पुआधी बोलणारी काही गावे इकडे गेली, काही तिकडे, तर काही चंदीगडात राहिली. २००६ मध्ये मोहाली जिल्ह्याचे ठिकाण झाले. शेतांचे सेक्टर झाले आणि गावातल्या घरांचे वरचे मजले आमच्यासारख्या परप्रांतीयांना भाड्याने मिळू लागले. मग मुलांशी हिंदी बोलणे सोयीचे वाटले तर नवल काय?

पंजाबात १९६१ च्या जनगणनेच्या वेळी घरात पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी आपली मातृभाषा हिंदी म्हणून लिहवली होती. तेव्हा त्यामागे राजकारण होते, आवाहने होती. आज कोणी आवाहन करत नाही. आई स्वतःहूनच भाषा बदलते.

आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या आहे : लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. या हिशेबाने बेबेंच्या नातवाची मातृभाषा कोणती? आईची पंजाबी नव्हे, आजीची पुआधी तर नव्हेच. पंजाबी तो शाळेत शिकतो. २००८ च्या कायद्याने पंजाबात दहावीपर्यंत ती सक्तीची आहे. पुआधी मात्र बेबेंच्या खाटेपाशीच कानावर पडणार, आणि तिथे तो क्रिकेट सोडून कशाला बसेल?

मला सुनेला दोष देववत नाही. माझे सासर धुळ्याकडचे. सासूबाई अहिराणी बोलत. "माले", "तुले", "काय करी ऱ्हायनी?" मुलगी तीन वर्षांची असताना हे शब्द तिच्या तोंडी येऊ लागले आणि मी पुण्याची, घाबरलेच. "शाळेत हसतील हो तिला," असे मी सासूबाईंना सांगितले. त्या दिवसापासून नातीशी बोलताना त्या अडखळत, शब्द शोधत शुद्ध मराठी बोलत. हळूहळू नातीशी त्यांचे बोलणेच कमी झाले. त्याच खानदेशच्या बहिणाबाईंच्या कविता मी मुलीकडून पाठ करून घेत होते, तेही त्याच वर्षी!

निघायच्या आदल्या दिवशी बेबेंनी विचारले, "तुमच्याकडे 'म्हारा'ला काय म्हणतात?" मी 'आमचा' म्हणणार होते. पण म्हणाले, "आमच्या सासूबाई 'आमना' म्हणायच्या." बेबेंनी तो शब्द दोन-तीनदा घोळवून पाहिला.

तेवढ्यात माझी चार वर्षांची नात वासराच्या गळ्यात हात टाकून ओरडली, "आजी, हे म्हारा आहे!"

"म्हारा नाही, राणी. माझं म्हणायचं," वरच्या गॅलरीतून मुलीचा आवाज आला.

बेबेंनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून त्यांच्या परातीतला साग निवडायला घेतला.