मोटार थरथरते? आधी हर्ट्‌झ पाहा!



अंबड, घनसावंगी, परतूर भागात जायकवाडीचा डावा कालवा असला, तरी उन्हाळ्यात उसाला खरा आधार विहिरीचाच. त्या विहिरींवर आता सौर पंप आले आहेत. पण शिवारात गेले की एकच तक्रार कानी येते, "साहेब, मोटार लई थरथरते." मग मेकॅनिक येतो, बेअरिंग बदलतो, पैसे घेतो, अन् मोटार पुन्हा थरथरतेच! कारण न शोधता बेअरिंग बदलणे म्हणजे दुखणे म्हशीला अन् औषध पखालीला, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाइनवरची मोटार ५० हर्ट्‌झवर एकाच वेगाने, मिनिटाला साधारण २,८०० ते २,९०० फेरे घेते. सौर पंपाच्या एसी मोटारीचा कंट्रोलर मात्र उन्हाप्रमाणे हर्ट्‌झ कमीजास्त करतो. मोटारीची बैठक व पाइप यांना डोलण्याची स्वतःची लय असते. फिरण्याचा वेग त्या लयीला जुळला की, ताल साधून ढकललेल्या झोक्यासारखी थरथर वाढते. यात मोटारीचा दोष असेलच असे नाही.

म्हणून कंट्रोलरच्या पडद्यावरचा हर्ट्‌झचा आकडा पाहावा व कितीवर थरथरते ते वहीत टिपावे. ठरावीक आकड्यावरच थरथरून पुढे शांत होत असेल, तर बैठकीचे बोल्ट आवळावेत, पाइपला आधार द्यावा. तरीही न थांबल्यास तेवढे हर्ट्‌झ वगळण्याची सेटिंग कंपनीकडून करून घ्यावी. वेगाबरोबर थरथर वाढतच गेली, तर कपलिंग व पंख्याचा तोल तपासावा. खडी घोळल्यासारखा आवाज आला, तर विहिरीची पातळी व फूटव्हॉल्व्ह पाहावा. बेअरिंग वरचेवर जात असेल, तर अर्थिंग तपासून घ्यावे. कंट्रोलरमुळे शाफ्टमधून वाहणारी वीजही बेअरिंग खाते.

बोल्टला हात लावण्याआधी पंप बंद करावा. कंट्रोलरची पेटी मात्र उघडूच नये. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच.

२०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे आहे. तेव्हा खिशात हात घालण्याआधी टिपलेल्या आकड्यासह लेखी तक्रार करा. ऐन उन्हाळ्यात उसाची एक पाळी चुकली, तर तिचा हिशेब काट्यावरच कळतो.

— ऊस विकास अधिकारी