रांगेचें माहात्म्य

"पंढरपुरास जाऊन आलों, ओळख होती, म्हणून रांग चुकविली," असें आमचे एक विद्वान् स्नेही परवां मोठ्या समाधानानें सांगत होते. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, मग आपण पंढरपुरास गेलांच नाहीं!

हें विधान अतिशयोक्त वाटेल. परंतु त्या देवळाचा इतिहास काय सांगतो? महाद्वारासमोर चोखोबांची समाधि आहे. हयातींत आंत जाण्याचा अधिकार त्यांस नव्हता. तो अधिकार अस्पृश्य मानलेल्या सर्वांस मिळावा म्हणून साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपुरांतच उपोषण करून प्राण पणास लाविले. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बडव्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचाहि निकाल लागला. इतक्या सायासानें जो उंबरठा सर्वांस सारखा झाला, तेथें आम्हीं सुशिक्षितांनीं ओळखीचें नवें सोंवळें मांडावें काय? जुन्या सोंवळ्यास निदान शास्त्राचा आधार सांगत. या नव्यास हुद्द्यावांचून कोणता आधार आहे?

वृद्धांची व रुग्णांची सोय अवश्य व्हावी. प्रश्न धडधाकटांचा आहे. वेळ नसेल, तर कळसास हात जोडून परतावें. असंख्य वारकरी तसेच तृप्त मनानें परततात.

विठ्ठलाच्या पायांवर कोणासहि डोकें ठेवतां येतें, हेंच पंढरीचें वैशिष्ट्य. पण पुढच्या वारकऱ्याच्या टांचांच्या भेगा पाहत तासन् तास उभें राहिल्यावांचून त्या पायांचा अर्थ आम्हांस कळावयाचा नाहीं.